.३२ ची काडतुसं : सरावाला कोणती, जवळ बाळगायला कोणती?

प्रश्न (लातूर): परवान्यावर ७.६५ मिमीचं, म्हणजेच .३२ चं पिस्तूल आहे. रेंजवर आणि जवळ बाळगायला एकच काडतूस चालंल का?

उत्तर : चालंल. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी घ्या. या बोअरमध्ये पोकळ टोकाची गोळी लागल्यावर उमलली, म्हणजे पसरली, की आत कमी शिरते. शिवाय तिचं काडतूस आखूड, म्हणून मॅगझिनमध्ये मागंपुढं सरकतं. वरच्या काडतुसाची बुडाची कड खालच्याच्या कडेमागं अडकली की पिस्तूल जाम! बाळगायच्या लॉटमधली थोडी आधी रेंजवर झाडून बघाच.

दुसरं उत्तर : दादा, दुकानात नुसतं ‘.३२’ म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग वेगळं, पिस्तुलात चालत नाही.

आणखी एक : मे महिन्यात गाडीत काडतुसं ठेवू नका. तेलापासूनही जपा, टोपी (काडतुसाच्या बुडाची, बार पेटवणारी) निकामी होते. बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडंच धरून ३० सेकंद थांबा, मगच काडतूस काढा.