माईसाठी रडतो, मग मिर्झांसाठी का नाही?

तिसरी घंटा:
असगर वजाहत यांचं 'जिस लाहौर नइ देख्या ओ जम्याइ नइ' परवा पुन्हा पाहिलं. हबीब तन्वीर यांनी १९९० साली दिल्लीत पहिल्यांदा उभं केलेलं हे नाटक. पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: १९४७. लखनौ सोडून आलेल्या सिकंदर मिर्झांना लाहोरमध्ये एका हिंदू जवाहिऱ्याची हवेली अलॉट होते. आत त्याची म्हातारी आई, म्हणजे माई, आहे आणि ती जागची हलत नाही. प्रेक्षक माईसाठी रडतात, मीही रडते. पण नाटक मिर्झांचं आहे असं मी म्हणते. निर्वासित तेही आहेत. कॅम्पात दिवस काढून आलेला सभ्य माणूस म्हातारीचा काटा काढायच्या गोष्टी करू लागतो! आजच्या प्रयोगांत नेमका हाच भाग भराभर उरकतात. मला त्याचा राग येतो.

उल्हासनगरकर:
मला ते नाटक फार गोड वाटतं. माझ्या सासूबाई नऊ वर्षांच्या असताना सिंधमधून आल्या, कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकीत वाढल्या. त्याच छावणीचं पुढे उल्हासनगर झालं. त्यांच्या घरातलं मागे कुणी राहिलं नाही, राहूच शकलं नसतं. माईला दिवाळी करता येते, मौलवी तिच्या बाजूने उभा राहतो, रावीकाठी तिला अग्नी मिळतो. लाखोंच्या वाट्याला यातलं काय आलं? एका माईच्या आडोशाने आपण बाकीचं विसरतो.

तिसरी घंटा:
गोड? त्याच मौलवीचा शेवटी मशिदीत खून होतो. माईची बाजू घेतली म्हणून, आणि तोही आपल्याच माणसांकडून. पडदा पडतो तेव्हा माझ्या रांगेत कुणी हलत नव्हतं.

दोन अंकी:
भाषेबद्दल कुणीच बोललं नाही. मिर्झांची बायको हमीदा बेगम, तिची उर्दू लखनवी, माईची पंजाबी. 'लाहोर पाहिलं नाही तो जन्मलाच नाही' हे नावसुद्धा पंजाबी, म्हणजे मिर्झांना परकंच. शायर नासिर काझमीही यात पात्र आहे, तोही अंबाल्याहून आलेला. दोघी बायकांना एकाच मराठीत बोलायला लावलं तर अर्धं नाटक गेलं. घर मिळालं तरी बोली परक्याची, हे मिर्झांचं दुःख तिथेच तर ऐकू येतं.

उल्हासनगरकर:
खून विसरलो नव्हतो. तरी माझं मत तेच आहे. पण मिर्झांबद्दल तुम्ही म्हणता ते रात्रभर डोक्यात होतं. त्यांच्या लखनौच्या घरात कोण राहायला गेलं असेल? सोडून गेलेल्यांची घरं-दुकानं ताब्यात घेणारा सरकारी कस्टोडियन इकडेही होता. सासूबाईंच्या थोरल्या भावाला त्याच्याकडून एक दुकान मिळालं होतं. ते आधी कुणाचं होतं, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. आज सकाळी मी विचारलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आत शिवणाचं मशीन होतं. त्यात दोरा ओवलेलाच होता."