मदत हवी आहे: उन्हात स्क्रीन दिसेल असा लॅपटॉप कोणता? (अर्जंट)

तळोजा_साईट
लोकहो, सरळ मुद्द्यावर येतो. सध्याच्या लॅपटॉपवर उन्हात काहीही दिसत नाही, स्वतःचं तोंड तेवढं दिसतं. ब्राइटनेस पूर्ण वर आहे, ते सांगू नका. नवीन घ्यायचाय आणि शनिवारी ऑर्डर टाकायची आहे. स्क्रीन दिसली पाहिजे, बाकी काही नको. फक्त मॉडेलचं नाव सांगा.

पामबीच_पोपट
बजेट? काम काय? सध्याचा कोणता आहे? "बाकी काही नको" म्हणजे पाटी-पेन्सिल पण चालेल का?

तळोजा_साईट
बजेट ७०. काम नेहमीचंच.

ऐरोलीचा_मॅकवाला
मॅकबुक एअर घ्या आणि विषय संपवा. ५०० निट्स (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप). बॅटरी दिवसभर. २०२४चा एम४ मॅकबुक प्रो तर बाहेरच्या उजेडात साध्या कामालाही १००० निट्सपर्यंत जातो, शिवाय जादा पैसे देऊन चकाकी कमी करणारी नॅनो-टेक्श्चर काच मिळते. विंडोजवाल्यांनी आता रडायला सुरुवात करावी.

पामबीच_पोपट
सत्तर हजारांत नॅनो-टेक्श्चर? स्वप्नात का? आणि एअरची काच चकाचक आहे. तिच्यात दाढी करता येते.

घोडबंदर_आजोबा
आमच्या मानपाड्याच्या फ्लॅटला पश्चिमेच्या खिडक्या आहेत, दुपारी तीननंतर हाच त्रास होता. मुलाने ब्लॅकआउट पडदे लावून दिले, आता उत्तम दिसतं. शिवाय टेबल खिडकीला काटकोनात ठेवावं, खिडकी पाठीमागे घेऊ नये. नवीन लॅपटॉपचा खर्च कशाला?

तळोजा_साईट
आजोबा, खिडकी लावायला भिंत लागते. बिल्डिंग अजून व्हायचीये. प्लिंथवर (जोत्यावर) उभा असतो मी!

भिंगरी
हे आधी सांगायचं ना राजा. साईटवर काय चालवतोस? सावली आहे की नाही? चार्जिंग आहे का?

तळोजा_साईट
ऑटोकॅड (नकाशे काढायचं), एक्सेल आणि टोटल स्टेशनचा (मोजणीच्या यंत्राचा) डेटा उतरवायचं सॉफ्टवेअर. ते फक्त विंडोजवर चालतं, म्हणून मॅक नाही. लाइट कंटेनर केबिनमध्ये असते, बाहेर बॅटरीवरच. मिक्सरच्या बाजूला लॅपटॉप मांडून बसतो, सावली कुठून आणू? सध्याचा १५.६ इंची आहे, पाचेक वर्षं जुना, घेतला तेव्हा स्वस्त होता.

जुना_सोल्डर
आता कुठे चित्र स्पष्ट झालं. स्वस्तातला १५.६ म्हणजे बहुतेक २२०-२५० निट्सचं, ४५ टक्के एनटीएससी (म्हणजे फिक्या रंगांचं) पॅनल. घरात ठीक, बाहेर कुचकामी.

थोडा हिशेब सांगतो, मग मॉडेलसाठी भांडा. भर उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स प्रकाश पडतो, ऑफिसात ३०० ते ५००. उन्हात उभ्या माणसाचा पांढरा शर्ट २५ हजार निट्सच्या आसपास चमकतो. गुळगुळीत काच त्यातला ४ टक्के परत फेकते, म्हणजे तुझ्या शर्टाचंच प्रतिबिंब स्क्रीनवर १००० निट्सचं. त्याच्यासमोर ५०० निट्सची स्क्रीन काय करणार? तोच शर्ट सावलीत आला की प्रकाश दहाव्या हिश्शावर येतो आणि प्रतिबिंब १०० निट्सवर उतरतं. मग ४०० निट्सची मॅट (न चकाकणारी) स्क्रीनही छान वाचता येते.

म्हणून साईटवर गडद शर्ट घाल आणि पाठीमागे ऊन नको, काहीतरी काळपट असू दे. जोक नाही करत. मोठी छत्री किंवा ताडपत्रीचा आडोसा यांनी जेवढा फरक पडेल तेवढा वीस हजार जास्त मोजूनही पडणार नाही.

वाशी_व्हिडिओग्राफर
माझ्या ओलेड स्क्रीनला (प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो ती) ६०० निट्स लिहिलेत. कॉन्ट्रास्ट बघाल तर वेडे व्हाल. ओलेडच घ्या.

जुना_सोल्डर
ते ६०० एचडीआरचे (खास व्हिडिओंच्या मोडचे), तेही पडद्याच्या छोट्या भागापुरते. एक्सेलची पांढरी शीट उघडल्यावर बहुतेक ओलेड ४००च्या आसपास असतात. वर काच चकचकीत. अंधारात एडिटिंगला राजा, साईटवर आरसा.

वाशी_व्हिडिओग्राफर
तुम्ही वापरलाय का कधी? की नुसते आकडे?

पामबीच_पोपट
आकडे बरोबर आहेत. मी थिंकपॅडवाला आहे, ४०० निट्सचं मॅट पॅनल. सावलीत मस्त, उन्हात जेमतेम. पण एकाच मॉडेलमध्ये ३०० आणि ४०० अशी दोन-तीन पॅनल असतात, दुकानदार डोळे मिटून ३००वालं देतो. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, पूर्ण पार्ट नंबर टाकून बघा. टचस्क्रीनवर बहुतेक काच येते, ती नकोच.

भिंगरी
रच्याकने, ऑटोकॅडची बॅकग्राउंड काळी आहे ना? काळ्यावर प्रतिबिंब सगळ्यात जास्त दिसतं. ऑप्शन्स, डिस्प्ले, कलर्स, तिथे टूडी मॉडेल स्पेस पांढरी कर. ७ नंबरचा रंग (ऑटोकॅडमधला पांढरा) आपोआप काळा होतो, पण पिवळे आणि सायन लेयर पांढऱ्यावर गायब होतात, त्यांचे रंग आधी गडद कर. नाहीतर सेंटरलाइन शोधत बसशील.

आणि "ब्राइटनेस पूर्ण वर" म्हणतोस, पण बॅटरीवर विंडोज गुपचूप खाली आणतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्लेमध्ये ब्राइटनेसच्या खाली कंटेंटनुसार ब्राइटनेस बदलायचा पर्याय असेल तर बंद कर. एएमडीचा प्रोसेसर असेल तर त्यांच्या सॉफ्टवेअरमधलं व्हेरी-ब्राइटही.

लॅमिंग्टन_लव्हर
नवीन लॅपटॉप कशाला? पॅनल बदला! लॅमिंग्टन रोडला (मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) त्याच मापाचं जास्त ब्राइट पॅनल बसवून देतात.

जुना_सोल्डर
आधी पॅनलच्या मागच्या कनेक्टरला ३० पिन आहेत की ४० ते बघायला सांगा. आणि पाच वर्षं साईटवर वापरलेल्या बिजागरीला हात लावायचा म्हणजे धैर्य हवं. त्यात सिमेंटची धूळ.

लॅमिंग्टन_लव्हर
मी बदललंय, काही होत नाही. खारघरहून कुर्ल्याला बदलून दादर, मग ग्रँट रोड.

पामबीच_पोपट
कुर्ल्याला गर्दीत लॅपटॉप घेऊन? सीएसएमटीला उतरून टॅक्सी करा.

लॅमिंग्टन_लव्हर
टॅक्सीचं भाडं कोण देणार, तुम्ही? आणि रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात, वर हार्बरला मेगाब्लॉक.

घोडबंदर_आजोबा
आमच्या वेळी ग्रँट रोडला रेडिओचे पार्ट मिळायचे. जुन्या रेडिओचा व्हॉल्व्ह कोणाकडे असेल तर कळवा.

नेरूळची_माऊ
एक विचारू? साईटवर गॉगल घालतोस का? पोलराइज्ड (एकाच दिशेचा प्रकाश आत सोडणारा) असेल तर एलसीडी काळपट दिसू शकते, कारण तिचा प्रकाश आधीच एका दिशेने पोलराइज्ड असतो. गॉगल लावून मान खांद्याकडे कलती कर. स्क्रीन उजळली किंवा काळवंडली तर समज, काय ते.

तळोजा_साईट
गॉगल पोलराइज्डच निघाला. मान वाकडी केली की उजळते! मजूर बघत होते, साहेबाला झालं काय म्हणून. पांढऱ्या बॅकग्राउंडने बराच फरक आहे, बॅटरीवाली सेटिंगही सापडली. तरी बारा ते तीन काही दिसत नाही, तेव्हा लॅपटॉप घ्यायचाच.

पामबीच_पोपट
मग १४ इंची, मॅट, टच नसलेला, ४०० निट्स, बिझनेस सिरीज. सत्तरच्या आत बसतो का ते पार्ट नंबर टाकून बघ. दुकानात गेलास तर डेमो पीस दारापर्यंत न्यायला सांग, आतल्या लाइटमध्ये सगळेच छान दिसतात. नोटबुकचेक या रिव्ह्यू साईटवर मोजलेले निट्स असतात, तेवढं पाच मिनिटं वाच, वेळ नाही म्हणू नकोस.

ऐरोलीचा_मॅकवाला
मॅकवर पॅरलल्स टाकून विंडोज चालतं.

भिंगरी
टोटल स्टेशनच्या ड्रायव्हरसाठी? तू येशील का प्लिंथवर ते बसवायला?

तळोजा_साईट
पार्ट नंबर मागवलाय, ४०० निट्स मॅट लेखी मिळालं तरच पैसे. ताडपत्री स्टोअरमधून उचलली. शर्टाचं कंपनीला विचारतो, युनिफॉर्म पांढराच आहे.

उलवे_नवीन
धागा वर काढतोय. मला पण असाच लॅपटॉप हवाय, बजेट ४५, मुलाला गेमिंगसाठी. उन्हाचा काही संबंध नाही.