मदत हवी आहे: दुष्काळात मोडलेला मेंढरांचा कळप पुन्हा कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा माण तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. घरची धनगरकी. माझे चुलते, नाना, अजून मेंढरं राखतात. दोन वर्षांमागं 110 होती, आज 34 उरलीत. काही मेली, बरीचशी चाऱ्या-पाण्याच्या खर्चापायी पडेल भावात गेली. वाड्यातल्या, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणाऱ्या आमच्या तांड्यातल्या, बाकी चार घरांचीही तीच गत. मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो. नानीनं बाजरीच्या कणगीत हात घातला तो पार खांद्यापर्यंत गेला, तेव्हा कुठं धान्य हाताला लागलं.

दिवाळीनंतर हा वाडा कृष्णाकाठाला उतरतो. शेतात रात्री मेंढरं बसवली की शेतकरी धान्य देतो, नाहीतर रोकड. घरची निम्मी भाकर तिथूनच यायची. पण 34 मेंढरं कोण बसवून घेणार? लेंडीखताला मोल आहे ते भरल्या कळपाचं. म्हणजे मेंढरं गेली तशी ज्वारीही गेली. बाहेरच्या माणसाला हे चटकन लक्षात येत नाही.

आम्ही भावंडांनी मिळून 1 लाख 80 हजार जमवलेत. मी म्हणत होतो, सगळ्याच्या मेंढ्या घेऊ. नाना नको म्हणाले. "आज घेतली तरी गाभ पाच महिनं. कोकरू बाजारात न्यायाजोगं व्हायला वर तीन-चार महिनं. तवर खायाचं काय? त्याच मेंढ्या परत इकायच्या." त्यांचं खरं आहे. म्हणून आधी पाचही घरांची आठ-नऊ महिन्यांची बाजरी-ज्वारी भरायची आणि उरलेल्या पैशात तरण्या मेंढ्या घ्यायच्या असं चाललंय. असं कुणी केलंय का? पैसे कसे वाटलेत? मेंढ्या अर्धलीनं, म्हणजे राखणाऱ्याला निम्म्या वाट्यावर, देऊन पुढची कोकरं दुसऱ्या घराला द्यायची, हे नात्यागोत्यात टिकतं का?

मेंढ्यांच्या जातीबद्दलही सांगा. जत भागातली माडग्याळ अंगानं मोठी, भाव चांगला. पण आमची मेंढरं दिवसभर चालतात आणि काटेरी पाल्यावर निभावतात. तिथं दख्खनीच बरी असं मला वाटतं. दोन्ही राखलेल्यांनी लिहा.

मेंढपाळांसाठीच्या सरकारी महामेश योजनेत 20 मेंढ्या, 1 नर आणि 75 टक्के अनुदान आहे. ज्यांना लाभ मिळालाय त्यांना मेंढ्या स्वतः निवडता आल्या का? आणि अर्जाच्या वेळी वाडा बाहेर असेल तर काय केलंत?

रेशनचं तर फार जिव्हारी लागलंय. कार्ड कुठंही चालतं म्हणतात, पण वाटेवरच्या एका दुकानात नानीचा अंगठाच लागला नाही. दोरखंड ओढून बोटांच्या रेषा झिजल्यात. तिला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं. अशा वेळी दुकानदाराला नेमकं काय सांगायचं, कुणाकडं जायचं?

कृपा करून "शेड बांधा, शेळ्या पाळा" असं सुचवू नका. बांधून घालायला चारा विकतच आणावा लागेल, आणि चाऱ्यानंच आम्हाला बुडवलंय. या माणसांना कुठल्या रानात कधी काय उगवतं ते ठाऊक आहे, त्यावरच कळप उभा करायचाय.

पाऊस पडला की उपाशी मेंढरं कोवळ्या गवतावर तुटून पडतात आणि आंत्रविषारानं (आतड्यात विष होण्याच्या रोगानं) पटापट जातात. उरलेल्या 34 ना त्याआधी लस द्यायचीय. जंताचं औषध लसीच्या किती दिवस आधी पाजता, तेवढं आजच कळलं तर बरं होईल, रविवारी मी गावी जातोय.