कामावरचे मृत्यू: आकडे गटवार मांडावेत की धोकावार?

आकडेमोड

‘अमुक गटातले कामगार इतरांच्या दुप्पट मरतात’ असं वाचलं की आधी बघावं, भागाकार कशाने केलाय. नुसत्या डोक्यांनी केला असेल तर तो आकडा वापरू नये. दहा-दहा हजारांचे दोन गट घ्या, दोन्हीत 2-2 मृत्यू. डोक्यांवर दर काढला तर दोन्हीकडे लाखाला 20. पण पहिला गट वर्षाला माणशी 2000 तास राबतो आणि दुसरा 1000 तास. अमेरिकी पद्धतीने मृत्यूंना एकूण तासांनी भागून 20 कोटींनी गुणलं (एक लाख माणसं, आठवड्याला 40 तास, 50 आठवडे), की पहिल्याचा दर 20 राहतो, दुसऱ्याचा 40 होतो.

तास जुळवल्यावर काम जुळवा, म्हणजे सारखंच काम करणाऱ्यांची तुलना करा. अमेरिकेत 2023 चा सरासरी दर लाखाला 3.5 होता, लाकूडतोड्यांचा 99 च्या आसपास आणि छतावर काम करणाऱ्यांचा जवळपास 52. मृतांत नव्वद टक्क्यांहून जास्त पुरुष असतात, त्याचं मोठं कारण हेच: अशी कामं बहुतेक पुरुष करतात. म्हणून माझं मत: गटांची तुलना सोडा, कामातला धोका मोजा आणि तो कमी करा.

मुकादमी

आकडेमोड, साफ असहमत. काम जुळवून घेतलं की फरक आटतो, हे बरोबर. पण सर्वांत धोक्याचं काम कोणाच्या वाट्याला येतं, हाच तर प्रश्न आहे. उत्तरच वजा करून टाकलं तर हाती काय उरणार?

शिवाय काम तेच असतानाही फरक उरतो. उन्हातलं काम घ्या. उष्माघाताने मरणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतले कामगार फार असतात, कारण शरीर उष्णतेला सरावायला एक-दोन आठवडे घेतं. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या 20 टक्केच काम द्यायचं आणि रोज 20 टक्के वाढवायचं, म्हणजे पाचव्या दिवशी पूर्ण. आठवडाभर खाडा झाला तर सराव उतरू लागतो. रोज नाक्यावरून उचललेल्या माणसाचा हा कितवा दिवस, हे मुकादमाला ठाऊकच नसतं. तो त्याला सकाळपासून पूर्ण पाळीला लावतो. कायम कामगार आणि रोजंदारीवाला यांच्यातला हा फरक ‘धोका: ऊन’ एवढ्या नोंदीत दिसणार नाही.

दोर_आणि_हुक

उंचीवरच्या कामाचं सांगतो. अंगावर सुरक्षेचा पट्टा, त्याच्या पाठीवरच्या कडीला दोरी आणि दोरीच्या टोकाला हुक. 1.8 मीटरची दोरी, झटका शोषणारी पट्टी उलगडून 1.1, पाठीवरच्या कडीपासून पावलापर्यंत 1.5 आणि शिवाय खाली 0.9 मोकळं अंतर. म्हणजे हुक जिथे अडकवला त्याच्या खाली 5.3 मीटर मोकळे हवेत. हुक पायाशी अडकवला आणि खाली चार मीटरवर स्लॅब असेल, तर पट्टा असूनही माणूस आपटतो. अपघातानंतर ‘पट्टा घातला होता’ एवढंच लिहिलं जातं, हुकाची जागा कोणी मोजत नाही.

इथवर आकडेमोड यांचा मुद्दा पटतो, हे गणित सगळ्यांना सारखंच. पण पट्टा सगळ्यांना सारखा बसत नाही. लहान चणीच्या बाईला मोठ्या मापाचा पट्टा दिला, की झटक्याला पाठीवरची कडी वर सरकते, छातीचा पट्टा गळ्याशी येतो, मांडीचे पट्टे सैल राहतात. अमेरिकेत बांधकामावरची साधनं अंगाला नीट बसलीच पाहिजेत, हे नियमात स्पष्ट लिहिलं गेलं ते थेट जानेवारी 2025 पासून. गट न पाहता हा दोष सापडला नसता.

आकडेमोड

मापाचा मुद्दा मान्य. पण गटवार आकड्यांचा दुसरा परिणामही बघा. ब्रिटनमध्ये 2023-24 च्या मृत कामगारांत साधारण एक-तृतीयांश साठीच्या पुढचे होते, कामगारवर्गात त्यांचा वाटा जेमतेम 11 टक्के. मालक याचा अर्थ ‘म्हाताऱ्यांना घेऊ नका’ असा लावतात. वास्तविक मृत्यूदर हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: अपघात होण्याची शक्यता आणि झाल्यावर न वाचण्याची. वय वाढतं तशी दुसरी नक्की वाढते, पहिली वाढेलच असं नाही. यावर उपाय म्हणजे शिडीऐवजी कठड्याचा मचाण. तो सगळ्यांनाच वाचवतो.

आणि छोट्या संख्यांचं काय? वर्षात 3 मृत्यू, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरी सरासरी 0.6 ते 8.8 मध्ये कुठेतरी आहे. एवढ्यावर ‘हा गट जास्त धोक्यात’ म्हणता येत नाही. निदान पाच वर्षांचे आकडे एकत्र करा.

मुकादमी

पाच वर्षं एकत्र करा, जरूर. पण मोजणीतून सुटतात ते कोण, तेही बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाने कामामुळे वर्षाला सुमारे 29 लाख 30 हजार मृत्यू होतात. त्यात अपघाताचे 3 लाख 30 हजार, बाकी सुमारे 26 लाख आजारांचे. सिलिकाची (दगड-वाळूतली) धूळ बहुधा दहा-वीस वर्षांनी मारते, अ‍ॅस्बेस्टॉस वीस ते पन्नास. तोवर स्थलांतरित कामगार गावी परतलेला असतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसता फुप्फुसाचा विकार येतो. ब्रिटनच्या त्या वार्षिक आकड्यात रस्त्यावरचे अपघात धरत नाहीत. अमेरिका कामावरचे धरते, आणि तिथे एक-तृतीयांशाहून जास्त मृत्यू वाहतुकीतले. म्हणजे ब्रिटनच्या आकड्यात ट्रकचालक हा गटच जवळपास गायब.

म्हणून अपघाताच्या फॉर्मवर पाच रकाने सक्तीचे हवेत: त्या जागेवरचा कितवा दिवस, त्या दिवशी किती तास झाले होते, कंत्राटदार कितव्या पायरीचा, सूचना कोणत्या भाषेत दिली, साधन कोणाच्या मालकीचं. हे भरलं तर धोकाही कळेल आणि गटही.

आकडेमोड

रकाने मान्य. सहावा घाला: त्या कामावर त्या दिवशी एकूण किती माणसं होती. तो नसेल तर भागायला काहीच नाही.