जॉबचं वेळापत्रक घट्ट आखावं की सैल? उशीर नेमका कुठे कमी होतो?

प्लॅनिंगवाला (धागाकर्ता):
सुट्या ऑर्डरींवर, म्हणजे जॉबवर, चालणाऱ्या कारखान्यात अख्ख्या आठवड्याचं तासातासाचं वेळापत्रक काढणं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. सोमवारी सकाळी गँट चार्टवर, म्हणजे कामाच्या वेळा पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर, प्रत्येक मशीनची पट्टी गच्च भरलेली असते. दुपारी एखादं कास्टिंग कडक निघतं, इन्सर्ट (हत्याराची कापणारी टोकं) तुटत राहतात, मशीनचं सेटिंग पुन्हा घ्यावं लागतं आणि रात्रीपर्यंत निम्म्या वेळा खोट्या ठरतात. मग नवा क्रम निघतो आणि मशीनवर बांधलेलं फिक्श्चर (पार्ट धरून ठेवणारी पकड) सकाळी उतरवायला सांगितलं जातं. उशीर टाळण्यासाठी आखलेल्या वेळापत्रकानेच आणखी उशीर होतो.

खरी गोम सरासरीत आहे. समजा, चार पार्ट चार मशीनवर एकदम चढवले. प्रत्येकाला 8 तास लागतील किंवा 12. दोन्ही शक्यता सारख्या आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सरासरी 10 म्हणून असेंब्ली दहाव्या तासाला धरली. पण असेंब्लीला चारही पार्ट लागतात आणि चारही 8 तासांत येण्याची शक्यता 16 मध्ये 1. म्हणजे 16 पैकी 15 वेळा असेंब्ली खोळंबणार, आणि ती सुरू होण्याची सरासरी वेळ 11.75 तास निघते. कुणी कामात कुचराई केली नाही, मशीन बंद पडलं नाही, तरी उशीर झालाच.

म्हणून म्हणतो: जे मशीन सगळ्यांना अडवतं तेवढंच बारकाईने आखा, त्याच्यापुढे थोडं काम कायम तयार ठेवा, येणाऱ्या दोन शिफ्ट गोठवा, म्हणजे त्यांचा क्रम बदलू नका. बाकी मशीनवर साधा नियम पुरे: ज्याची तारीख आधी, तो जॉब आधी.

मॉडेलर:
असहमत. तुमचं उदाहरण सरासरीच्या विरोधात आहे, वेळापत्रकाच्या नाही. वेळ 8 ते 12 मध्ये हलते हे माहीत असेल तर तेच गणितात घाला. सगळंच एकदम बिघडेल असं धरलं तर वेळापत्रक फार ढिलं होतं. बर्टसिमास आणि सिम यांनी 2004 मध्ये याला व्यवहार्य तोड दिली: एका वेळी किती गोष्टी बिघडतील याची मर्यादा आपण ठरवायची आणि तेवढ्याला पुरेल अशी योजना काढायची.

आणि "तारीख आधी, तो आधी" हा नियम वाटतो तितका निर्दोष नाही. जॅक्सन यांनी 1955 मध्ये सिद्ध केलं ते एवढंच की एकाच मशीनवर, सगळे जॉब तयार असताना, या क्रमाने सर्वांत मोठा उशीर कमीत कमी राहतो. एकूण उशिराची हमी त्यात नाही. एक जॉब 10 तासांचा, मुदत 9. उरलेले तीन 2-2 तासांचे, मुदती 10, 11 आणि 12. तुमच्या नियमाने चारही जॉब चुकतात: 1, 2, 3 आणि 4 तासांनी. मोठा जॉब शेवटी टाकला तर तो एकटाच 7 तास चुकतो, बाकी तिघे वेळेत. एकूण उशीर 10 वरून 7 वर.

प्लॅनिंगवाला:
हिशोब बरोबर आहे. पण त्या मोठ्या जॉबचं पुढे काय? उद्या आणखी तीन छोटे जॉब येतील, परवा आणखी. तो दरवेळी मागे सरकेल. एकूण उशीर कमी दिसेल आणि एकाच ग्राहकाचं काम कुजत पडेल. मला सर्वांत मोठाच उशीर आवरायचा आहे, म्हणून तो नियम.

मॉडेलर:
मग उशीर जसा वाढेल तसं त्याचं वजन वाढवा. तुमच्या नियमाला हा तोल साधता येत नाही, गणिताला येतो.

लेथवरून:
दोघांनाही विचारतो, या वेळा येतात कुठून? जॉब कार्डावरच्या वेळा बऱ्याचदा शिफ्ट सुटताना एकदम भरल्या जातात. सेटिंग आणि कटिंग एकाच आकड्यात. टूल रूमच्या खिडकीशी उभं राहण्यात अर्धा तास गेला, तर तो कुठेच लिहिला जात नाही. अशा आकड्यांवर वेळांचा चढउतार मोजणार कसा?

शिवाय एका व्यासाचा बार चालू असताना त्याच व्यासाचे तीन जॉब ओळीने घेतले तर बार पकडणारे जॉज बदलायचे वाचतात. तारखेप्रमाणे घेतले तर दोनदा सेटिंग मोडतं. हे ऑपरेटरला दिसतं. दिवसभराची कामं आम्हाला द्या, क्रम आमच्यावर सोडा.

मॉडेलर:
एका मशीनपुरतं खरं आहे. पण तुम्ही सेटिंग वाचवलं आणि पुढचं ग्राइंडिंग मशीन तेवढा वेळ रिकामं बसलं, तर ते लेथवरून दिसत नाही. एकाच वेळी दहा मशीन नजरेत ठेवणं माणसाला जमत नाही.

प्लॅनिंगवाला:
गणितालाही ते सहज जमलेलं नाही. दहा जॉब, दहा मशीन असं एक प्रसिद्ध कोडं 1963 मध्ये छापलं गेलं. सगळे जॉब संपायला कमीत कमी 930 एकक वेळ, हेच त्याचं सर्वोत्तम उत्तर आहे हे 1989 मध्ये सिद्ध झालं. आणि त्यात प्रत्येक वेळ ठाम होती, अनिश्चितता शून्य!

मॉडेलर:
सर्वोत्तम असल्याचा पुरावा शॉपवर कुणाला हवाय? चांगलं उत्तर आज काही मिनिटांत मिळतं.

मेंटेनन्स:
तुम्ही सगळे अनिश्चितता आभाळातून पडते असं धरून चाललाय. किंगमन यांचं 1961 चं सूत्र बघा. रांगेत थांबण्याचा वेळ दोन गोष्टींच्या गुणाकाराने वाढतो: मशीनवरचा भार आणि चढउतार. भाराचा गुणक 80 टक्क्यांना 4, 90 ला 9, 95 ला 19. मशीन क्षणभर रिकामं दिसलं की वरून विचारणा होते, म्हणून ते 95 वर चालवायचं आणि मग क्रमाबद्दल भांडायचं. महिन्यातून एकदा दोन दिवस स्पिंडल बंद राहणं हे तेवढेच तास रोज थोडे थोडे बंद राहण्यापेक्षा रांगेला कितीतरी वाईट. बेअरिंगचा आवाज बदलला तेव्हाच अर्धी शिफ्ट मशीन दिलं असतं, तर हे वेळापत्रक मोडलंच नसतं.

डिस्पॅचवाली:
माझा आक्षेप "काम तयार ठेवा" याला आहे. शॉपवर 60 जॉब आणि रोज 12 बाहेर पडत असतील तर एक जॉब सरासरी 5 दिवस आत राहतो. 90 सोडले आणि बाहेर 12 च पडले तर साडेसात दिवस. ग्राहकाला तारीख मी सांगते. तुमचा साठा माझ्या तारखेत जमा होतो.

प्लॅनिंगवाला:
सगळ्या मशीनपुढे ठेवला तर होईलच. मी एकाच मशीनपुढे म्हणतोय, आणि त्या मशीनने जितके जॉब संपवले तितकेच नवे आत सोडायचे. आज प्रत्येक मशीनपुढे ट्रॉल्या उभ्या असतात. त्यातल्या बहुतेक जातील.

मॉडेलर, तुमचं मॉडेल मला एका अटीवर चालेल: क्रम बदलण्याचीही किंमत त्यात धरा. बांधलेलं सेटिंग उतरवलं की दंड. दोन तासांचा उशीर वाचवायला पाच मशीनचा क्रम हलवणारं उत्तर मला नको.

मॉडेलर:
तो दंड घालता येतो आणि घालायलाच हवा. पण दोन शिफ्ट गोठवणं मला जास्त वाटतं, एक पुरे. त्यानंतरचं सगळं खुलं ठेवा.

लेथवरून:
एक असो की दोन, गोठवलं म्हणजे गोठवलं. तातडीच्या जॉबचा लाल टॅग घेऊन कुणी मध्येच आलं तर त्याने त्याच टॅगवर लिहावं की कोणाचा जॉब मागे गेला, आणि खाली सही करावी.

डिस्पॅचवाली:
आणि तो टॅग त्याच शिफ्टमध्ये माझ्याकडे यावा. मागे गेलेल्या ग्राहकाला फोन मलाच करायचा असतो.