मदत हवी आहे: सामन्याच्या रात्रीसाठी सोपी कॉकटेल्स आणि मधाच्या व्हिस्कीचा गोडवा

सातपूरकर

नमस्कार. येत्या रविवारी आयपीएलचा साडेसातचा सामना पाहण्यासाठी आमच्या घरी दहा जण जमणार आहेत. त्यांपैकी आठ जण घेणारे आहेत आणि दोघे अजिबात न घेणारे आहेत. घरात सध्या तीन बाटल्या आहेत: नेहमीची देशी ब्लेंडेड व्हिस्की, आणि मावसभावाने विमानतळावरून आणलेल्या दोन फ्लेवर्ड बाटल्या, एक मधाची व एक सफरचंदाची. या दोन बाटल्यांचे नेमके काय करावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मी एक प्रयोग केला होता आणि तो पुरता फसला. व्हिस्की सावरची कृती मला तोंडपाठ आहे: ६० मिली व्हिस्की, ३० मिली लिंबाचा रस, ३० मिली साखरेचा पाक. साध्या व्हिस्कीच्या जागी मधाची व्हिस्की घेतली, बाकी सारे तसेच ठेवले आणि हाती आले ते काकवीसारखे काहीतरी. शिवाय शेकर नसल्यामुळे मुलाची व्यायामशाळेतली प्लॅस्टिकची बाटली वापरली. तिचे झाकण गळत होते, आणि प्रत्येक पेला स्वतंत्र हलवत बसल्यामुळे दोन गडी बाद झालेले मला फक्त दिवाणखान्यातल्या आरोळ्यांवरून कळले.

तेव्हा मला असे काही हवे आहे, जे सामन्याआधी पाण्याच्या मोठ्या जगात तयार करून ठेवता येईल आणि ज्याला हलवाहलवी लागणार नाही. दुसरे असे की, सामना सुरू होण्यापूर्वी तिन्ही व्हिस्की चाखण्याचा छोटा कार्यक्रम करावा, अशी मित्रांची इच्छा आहे. आमचे थोरले काकाही येणार आहेत, आणि व्हिस्कीत पाण्याखेरीज काहीही घालणे हा त्यांच्या लेखी जवळजवळ गुन्हा आहे. चाखण्याचा क्रम कसा ठेवावा, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

गोदातीर

आपली चूक कृतीत नव्हती, बाटलीकडे पाहण्याच्या दृष्टीत होती. मधाची व्हिस्की ही व्हिस्की समजून वापरली की गडबड होते. तिच्यात गोडी आधीच घातलेली असते, म्हणजे आपल्या हातात व्हिस्की आणि पाक एकत्र मिसळलेली बाटली आहे, असे समजावे आणि कृतीतून पाक वजा करावा.

ब्रिटनच्या कायद्यानुसार स्कॉच म्हणवून घ्यायचे असेल तर ती ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली आणि किमान ४० टक्के मद्यार्काची असावी लागते, आणि पाणी व रंगापुरते साधे कॅरॅमल सोडून तिच्यात काहीही घालता येत नाही. अशाच नियमांमुळे बहुतेक फ्लेवर्ड बाटल्यांवर बारीक अक्षरांत लिक्युअर (म्हणजे गोडी व स्वाद घातलेले मद्य) किंवा तत्सम शब्द आढळतो. जॅक डॅनियल्सची मधाची बाटली ३५ टक्क्यांची आहे आणि आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्की ४२.८ टक्क्यांच्या असतात. म्हणजे चवीला गोड आणि ताकदीला थोडी हलकी. काकांचा आक्षेप या बाटल्यांपुरता तरी लागू होत नाही, कारण मिसळण्याचे काम कारखान्यानेच करून ठेवले आहे! त्यांना हे सांगावे की नाही, ते आपण ठरवा.

गोडी मोडायला तीन गोष्टी उपयोगी पडतात: आंबट, तुरट आणि सोड्याचे बुडबुडे. जिंजर एल, टॉनिक किंवा लिंबाच्या गोड पेयांच्या वाटेला जाऊ नये, कारण त्या सगळ्यांत पुन्हा साखर असते. थंडपणाही मदत करतो, कारण गार पेयाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्यामुळे या दोन्ही बाटल्या आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

कोराचहा

जगासाठी माझी सुचवण कोऱ्या चहाची आहे. चहाचा तुरटपणा मधाच्या गोडीला बरोबर धरतो, आणि लागणारे सारे सामान वाण्याकडे मिळते.

आठ पेल्यांचा हिशेब देतो. सुमारे ८०० मिली पाणी उकळून त्यात चार चमचे चहापत्ती, बोटाएवढे आले ठेचून आणि गवती चहाची दोन पाती टाकावीत. चार मिनिटांनी लगेच गाळावे. जास्त वेळ ठेवल्यास तुरटपणाच्या जागी कडवटपणा येतो आणि तो मग लिंबानेही जात नाही. हा चहा आधी बाहेरच पूर्ण निवू द्यावा, कारण गरम असतानाच फ्रिजमध्ये ठेवला तर तो गढूळ होतो. चवीत फारसा फरक पडत नाही, पण काचेच्या जगात ते बरे दिसत नाही. गार झालेल्या ७२० मिली चहात ३६० मिली मधाची व्हिस्की आणि १२० मिली लिंबाचा रस घालावा. कागदी लिंबे सात-आठ लागतील. या दिवसांत लिंबांचा भाव पाहता हाच या पेयाचा सर्वांत महाग घटक ठरू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

साखर मुळीच घालू नये. एकूण १,२०० मिली होते आणि त्यात मद्यार्क साधारण साडेदहा टक्के राहतो, म्हणजे नाशिककरांच्या ओळखीच्या वाइनपेक्षा किंचित कमीच. चार तासांच्या सामन्याला हे प्रमाण सोसते. यात वेगळे पाणी घालायची गरज नाही, कारण ते काम चहा करतो. मात्र आपण साधी व्हिस्की सावर जगात करून फ्रिजमध्ये ठेवणार असाल, तर एकूण मिश्रणाच्या पाव भागाइतके पाणी त्यात आठवणीने घाला. शेकरमध्ये हलवताना बर्फ वितळून जे पाणी मिसळते, त्याची ती भरपाई असते. ते विसरल्यास पेय घशाला लागते आणि लोक दोष व्हिस्कीला देतात.

बर्फासाठी स्टीलच्या लहान वाट्यांत पाणी गोठवावे. मोठा खडा सावकाश वितळतो.

चवदार_सिडको

चाखण्याविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या गावात वाइन चाखण्याची सवय इतकी मुरली आहे की व्हिस्कीच्या वेळी तीच सवय आड येते. सुला वाइनरीने १९९९ मध्ये इथे सुरुवात केल्यापासून पेला गरागरा फिरवून त्यात नाक खुपसणे नाशिककराला शिकवावे लागत नाही. व्हिस्कीत मद्यार्क वाइनच्या तिप्पट असतो. पेला जोरात फिरवला तर आधी त्याची वाफच वर येते, आणि एकदा नाक झिणझिणले की पुढच्या दोन पेल्यांचा वास निम्मा हरवतो. पेला हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून हळूच वास घ्यावा. वरच्या बाजूला निमुळता होणारा पेला उत्तम. त्यासाठी खर्च करू नका, वाइनरीच्या सहलींतून घरोघरी साठलेले पेले अगदी चालतात.

क्रम असा ठेवावा: आधी साधी व्हिस्की, मग सफरचंदाची आणि शेवटी मधाची. गोडी जिभेवर रेंगाळते. मधाचा घोट आधी घेतला तर त्यानंतर साधी व्हिस्की विनाकारण कडू आणि राकट वाटेल आणि काकांचा रविवार वाया जाईल. प्रत्येकी १५ मिलीहून अधिक ओतू नये, तीन मिळून ४५ मिली पुरे होतात. पहिला घोट अगदी लहान घ्यावा, तो फक्त जीभ तयार करण्यासाठी असतो. दुसऱ्या घोटानंतर चमचाभर पाणी घालून पुन्हा चाखावे. साध्या व्हिस्कीत पाण्याने दडलेले वास मोकळे होतात. फ्लेवर्ड व्हिस्कीत मात्र अनेकदा उलट अनुभव येतो: पाणी घातले की घातलेला स्वाद पातळ होतो आणि खालची व्हिस्की कशी आहे ते उघडे पडते. मला त्या खेळात सर्वाधिक मजा तिथेच वाटते.

चाखण्यासाठी ओतायच्या घोटांपुरत्या या बाटल्या तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, कारण गार असताना दोषही झाकले जातात. मध्ये साधे पाणी आणि कोरड्या पोळीचा तुकडा ठेवावा. चिवडा आणि मसाला शेंगदाणे नाणेफेकीनंतरच बाहेर काढावेत. तिखटाने जीभ बधिर झाली की चाखण्यात अर्थ उरत नाही.

आणखी एक सुचवतो. तुलनेसाठी चौथी बाटली घेण्याची तयारी असेल, तर दिंडोरीच्या डिस्टिलरीत होणारी लॉन्जिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट २०२२ पासून बाजारात आहे. आपल्याच जिल्ह्यातली व्हिस्की म्हटल्यावर काका निदान पेला हातात घेतील.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन शंका उरल्या आहेत. लिंबाचा रस सकाळीच काढून ठेवला तर चालेल का? सफरचंदाच्या बाटलीचे काय करावे? आणि पाहुण्यांत माझा बावीस वर्षांचा पुतण्या आहे, त्याने घेतले तर हरकत असावी का?

गोदातीर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयाची अट पंचवीस पूर्ण अशी आहे, त्यामुळे पुतण्याची गणना न घेणाऱ्यांत करा. घेणाऱ्यांकडे परवाना हवा, आणि तो एक दिवसाचाही मिळतो, हे बहुतेकांना दुकानातली पावती पाहूनच कळते. परत जाताना गाडी कोण चालवणार, तेही आधीच ठरवून घ्या. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम मद्यार्क इतकी कमी आहे की दोन पेल्यांनंतर अंदाजावर विसंबण्यात शहाणपणा नाही.

लिंबाचा रस दुपारी चारनंतर काढा. सकाळी काढलेला रस संध्याकाळपर्यंत शिळसर आणि कडवट लागतो. सफरचंदाच्या बाटलीसाठी जगाची गरजच नाही: पेल्यात बर्फ, ४५ मिली व्हिस्की, त्याच्या तिप्पट गार सोडा, लिंबाची एक फोड पिळून. सोडा नेहमी शेवटी आणि पेल्यातच ओतावा, जगात घातलेला सोडा पॉवरप्ले संपेपर्यंत निपचित पडतो. कोणाला हौस असेल तर काकडीची चकती घालावी.

कोराचहा

न घेणाऱ्या तिघांसाठी तोच आल्याचा चहा, लिंबू आणि थोडा मध घालून वेगळ्या रंगाच्या जगात ठेवा. दोन्ही जग सारखे असतील तर दुसऱ्या डावात कोणीतरी हमखास घोटाळा करते.

सातपूरकर

सोमवारी सकाळी हा वृत्तान्त लिहीत आहे. चहाचा जग पहिला डाव संपण्यापूर्वीच रिकामा झाला आणि दुसरा घेताना मला लिंबे कमी पडली, तेव्हा घरात असलेल्या कैरीचा उकडलेला गर वापरला. तो आंबट असल्यामुळे उत्तम जुळला. त्यावरून धीर येऊन एका मित्राने सफरचंदाच्या व्हिस्कीत तयार पन्हे ओतले आणि पंधरा दिवसांपूर्वीची काकवी पुन्हा अवतरली. गूळ घातलेले पन्हे आणि गोड व्हिस्की यांची गाठ घालू नये, हे इतरांसाठी नोंदवून ठेवतो. या वेळी मात्र सामना मी पूर्ण पाहिला.

चाखण्याच्या वेळी काकांनी साध्या व्हिस्कीवर पाच मिनिटे निरूपण केले, सफरचंदाच्या पेल्याचा नुसता वास घेऊन तो खाली ठेवला आणि मधाच्या घोटावर "हे खोकल्याचे औषध आहे" असा निकाल दिला. त्यानंतर त्यांनी बर्फ न घातलेला चहाचा पेला मागून घेतला आणि तो दोनदा भरून घेतला. त्यात काय होते, ते मी त्यांना सांगितले नाही.

सफरचंदाची बाटली निम्मी उरली आहे. ती किती दिवस टिकेल?

चवदार_सिडको

बूच घट्ट लावून, उभी आणि उन्हापासून दूर ठेवली तर काही महिने काळजी नाही. खराब होण्यापेक्षा तिचा घातलेला स्वाद आधी मंदावतो, आणि बाटलीत हवा जितकी जास्त तितका तो लवकर मंदावतो. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवल्यास पुढच्या सामन्यांना पुरेल. पुतण्याच्या नजरेआड ठेवावी.