कंपनीची गाडी हुद्द्याला की किलोमीटरला?

पर्चेसवाला: काल इथे एकाने लिहिलं, 'कंपनीची गाडी हा मान आहे, मॅनेजरच्या खाली देऊ नका, ते घरच्या कामाला फिरवतात.' रात्रभर डोक्यातून जाईना. आमच्या चाकणच्या प्लँटमध्ये साहेबांची गाडी सकाळी नऊला येते आणि संध्याकाळपर्यंत शेडखाली उभी. सर्व्हिस इंजिनिअर मात्र स्वतःच्या मोटारसायकलवर रांजणगाव, कुरकुंभ, साताऱ्यापर्यंत जातो. किलोमीटरमागे मिळणाऱ्या दरात पेट्रोल भागतं, टायर-क्लच त्याच्या खिशातून. पॉलिसीचा मसुदा माझ्याकडे आलाय. मी किलोमीटर बघून गाडी देणार, ग्रेड बघून नाही.

आकडेमोड: भावना ठीक, पण गाडी कर वाचवण्यासाठी घेतात. मार्च २०२६पर्यंत चाललेल्या १९६२च्या आयकर नियमांतला नियम ३ काढा. काम आणि घर दोन्हीकडे वापर, खर्च कंपनीचा, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिन्याला १,८०० रुपयेच करपात्र पगारात धरायचे, मोठ्या इंजिनाला २,४००, ड्रायव्हरचे ९००. वर्षानुवर्षं हेच चाललं. ३० टक्के कर भरणाऱ्याला यात फायदा होता, तुमच्या इंजिनिअरला नाही.

नगररोड: कसला फायदा? महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर पासिंग केलं की एकरकमी कर २० टक्के. गाडीवर भरलेला जीएसटी कंपनीला स्वतःच्या जीएसटीतून वजाही करता येत नाही. माझी गाडी कंपनीने लीजवर, म्हणजे भाड्याने घेतलेली; हे सगळं तिच्या हप्त्यात आलं आणि माझ्याच सीटीसीतून, म्हणजे ठरलेल्या वार्षिक पॅकेजमधून कापलं. दुसऱ्या वर्षी नोकरी सोडली तेव्हा गाडीही गेली आणि वर दंडही भरला. माणूस सोडून गेला तर गाडीचं काय, हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर लिहा.

स्टिअरिंग: 'ड्रायव्हरचे ९००' म्हणून पुढे गेलात? माझे वडील सोळा वर्षं साहेबांची गाडी चालवत होते. रात्री बाराला लग्नाहून घरच्यांना आणायचं, पहाटे चारला एअरपोर्ट. नोकरी एजन्सीच्या कागदावर, म्हणून ओव्हरटाइम नाही. खंबाटकी घाटात डोळा लागला, गाडी कठड्याला घासली. जीव वाचला. बंपरचे पैसे पगारातून कापले.

आकडेमोड: ९०० हा कराचा हिशेब होता, ड्रायव्हरच्या पगाराचा नाही. दोन्ही एकत्र करू नका.

स्टिअरिंग: करणार! गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, फास्टॅग सगळ्याला कलम असतं. चालवणाऱ्याच्या झोपेला नसतं.

नगररोड: ड्रायव्हरचा वेगळा धागा काढा ना.

स्टिअरिंग: तुमचा दंड चालतो, आमचा कठडा नाही?

पर्चेसवाला: चालतो. माझ्या मसुद्यात ड्रायव्हरवर एक ओळ नव्हती, चूक माझी. रात्री दहानंतर गाडी काढली तर दुसऱ्या सकाळी तोच माणूस बोलवायचा नाही आणि अपघाताचे पैसे पगारातून कापायचे नाहीत, ही दोन कलमं घालतो. ग्रेडवर मात्र मी हटणार नाही.

आकडेमोड: हटू नका, पण लॉगबुक ठेवा. गाडी फक्त कामाला असेल आणि प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर, खर्च लिहिलेला असेल, वर कंपनीचा दाखला असेल, तर करपात्र पगारात शून्य धरतात. तुमच्या इंजिनिअरला हे बसतं. शेडखालच्या गाडीला नाही बसणार, तेवढं मान्य.